पाहणे आणि दिसणे

मंडळी, योग म्हटला की आपल्याला चटई आठवते. आज मी डोंगरवाटेबद्दल बोलणार आहे.

१९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर रेल्वेने भोपाळकडे येत होते. खिडकीतून त्यांना विंध्याचे खडक दिसले, आणि त्या खडकांनी त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. त्यातून भीमबेटकाची शैलचित्रे जगापुढे आली. २००३ साली त्या स्थळाला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. गाडीत इतरही प्रवासी होतेच. टेकडी सर्वांना दिसली; पाहिली एकाने.

पतंजलींच्या आठ अंगांत धारणा सहावी. धारणा म्हणजे मन एका जागी बांधून ठेवणे. चढावर ती सोपी होते. श्वास जड झाला की पावले त्याच्या मापाने टाका, बोलणे थांबवा. शैलाश्रयात पोहोचल्यावर लगेच फोटो काढू नका. तिथे एका काळाच्या चित्रावर दुसऱ्या काळाचे चित्र आहे. पहिल्या नजरेला वरचे ठळक जनावर दिसते. थांबलात, तर खालची पुसट रेषा हळूहळू उमटते.

अरेरा कॉलोनीतून आपण मोटारीने जातो, तासाभरात सारे उरकून परततो. या हिवाळ्यात एक अख्खा दिवस द्या. मात्र आखलेली वाट सोडू नका, भोवती रातापानीचे वाघांचे जंगल आहे. चित्रांना हात लावू नका. हजारो वर्षे टिकलेला रंग आपल्या स्पर्शाने झिजू नये, ही अहिंसाच आहे. आणि आठ अंगांची सुरुवात तिथूनच होते.