निरोप आणि संवाद : समाजमाध्यमांच्या काळातील लोकशिक्षण

(भोपाळ येथे मराठी भाषक शिक्षक, पालक व ग्रामपंचायत कार्यकर्ते यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



समाजमाध्यमे आणि मोबाइलच्या पडद्यावरील आभासी जग यांचा आपल्या परस्परव्यवहारावर व मुलांच्या शिक्षणावर कोणता परिणाम होत आहे, हा आजचा विषय आहे. या विषयावर बोलणारे बहुधा दोन टोके गाठतात. एक पक्ष म्हणतो की मोबाइलने ज्ञानगंगा घरोघरी आणली. दुसरा पक्ष म्हणतो की मोबाइलने एक पिढी बिघडविली. या वादात न शिरता मी एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवू इच्छितो. निरोप पोहोचला म्हणजे संवाद झाला काय?

या प्रश्नाचा विचार करण्यास भोपाळइतके योग्य ठिकाण दुसरे क्वचितच असेल. निरोप न पोहोचल्यास काय घडते आणि पोहोचलेल्या निरोपावर विश्वास नसल्यास काय घडते, हे दोन्ही अनुभव या शहराने अवघ्या पंधरा दिवसांत घेतले आहेत.

भोपाळचा अनुभव

युनियन कार्बाइडच्या कारखान्यापासून शहराला धोका आहे, असा इशारा भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्येच आपल्या 'रपट' या लहानशा साप्ताहिकातून दिला होता. पुढे १९८४ मध्ये त्यांनी 'जनसत्ता' या दैनिकातही त्याविषयी लिहिले. निरोप खरा होता, अभ्यासपूर्वक दिलेला होता. परंतु ज्यांनी तो मनावर घ्यावयाचा त्यांनी घेतला नाही.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. कारखान्याचा बाहेरचा भोंगा थोडा वेळ वाजून बंद झाला. तो पुन्हा वाजू लागला तेव्हा फार उशीर झाला होता. तोंडावर ओले फडके धरावे, वाऱ्याच्या दिशेने धावू नये, एवढ्या साध्या सूचना जरी त्या घरांना आधी माहीत असत्या, तरी कित्येक जीव वाचले असते. विज्ञानाला ठाऊक असलेली गोष्ट माणसांना ठाऊक नव्हती.

त्याच रात्री या शहरातील रेल्वे स्थानकावर एक वेगळे उदाहरण घडले. उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी फलाटावर उभी असलेली प्रवाशांनी भरलेली गाडी वेळेपूर्वीच सोडली आणि भोपाळकडे गाड्या पाठवू नयेत, असे शेजारच्या स्थानकांना कळविले. स्वतः मात्र ते आपल्या जागेवर राहिले. त्यांच्या निरोपाने पुष्कळांचे प्राण वाचले. हा निरोप परिणामकारक का ठरला? तो कोणी दिला हे ऐकणाऱ्याला माहीत होते, देणाऱ्याने त्याची जबाबदारी स्वतःवर घेतली होती आणि ऐकणाऱ्याचा त्यावर विश्वास होता. संवादाची ही तीन अंगे आपण लक्षात ठेवावीत.

पंधरवड्याने याच्या उलट चित्र दिसले. कारखान्यात उरलेला वायू १६ डिसेंबर रोजी निर्धोक करण्याचे काम शासनाने हाती घेतले. या मोहिमेला नाव दिले होते 'ऑपरेशन फेथ', म्हणजे विश्वासाची मोहीम. भिण्याचे कारण नाही, असे वारंवार जाहीर करण्यात आले. तरीही लाखावारी माणसे मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेली. त्यांना दोष देता येणार नाही. एकदा घात झाल्यावर केवळ घोषणेने विश्वास बसत नाही. या वेळी निरोप घरोघरी पोहोचला होता; संवाद मात्र झाला नव्हता.

अफवेचा वेग

आज परिस्थिती पार बदलली आहे. त्या रात्रीसारखा प्रसंग पुन्हा ओढवला तर इशारा काही क्षणांत प्रत्येकाच्या खिशात पोहोचेल. हा लाभ लहान नाही. परदेशी असलेल्या लेकीचा चेहरा आईला रोज दिसतो. कर्णबधिर माणसे पडद्यावर खुणांच्या भाषेत एकमेकांशी बोलू शकतात. पूर्वी ज्यांना पत्र लिहिण्यासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागे, अशी निरक्षर माणसेही आज आपला आवाज मुद्रित करून निरोप पाठवितात. हे सर्व मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

परंतु खऱ्या इशाऱ्याबरोबर दहा खोटे इशारेही त्याच वेगाने येतात. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी १ जुलै २०१८ रोजी जे घडले ते आपल्या सर्वांच्या माना खाली घालणारे आहे. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या भागात व्हॉट्सॲपवरून पसरली होती. त्या संशयावरून मंगळवेढा भागातील नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना जमावाने ठार मारले. पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणाऱ्या माणसांना त्यांची ओळख सांगण्याची संधीही मिळाली नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येणार नाही, अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. ही मर्यादा उपयोगी आहे. तथापि, यंत्राने घातलेली मर्यादा माणसाच्या विवेकाची जागा घेऊ शकत नाही.

अफवा पूर्वीही होत्या. फरक असा की पूर्वी अफवा सांगणारा समोर असे आणि 'तुला कोणी सांगितले?' असे त्याला विचारता येई. आज संदेश ओळखीच्या माणसाकडून येतो, पण तो त्याचा नसतो. त्यालाही तो कोणीतरी पाठविलेला असतो. आपण पाठविणाऱ्याच्या ओळखीवर विश्वास ठेवतो आणि मजकुराचा कर्ता अज्ञातच राहतो.

आभासी जगाचे दुसरे रूप याच भोपाळ शहरात नोव्हेंबर २०२४ मध्ये दिसले. पोलीस व चौकशी अधिकारी असल्याची बतावणी करणाऱ्या भामट्यांनी येथील एका व्यावसायिकास त्याच्याच घरात मोबाइलच्या पडद्यासमोर तासन् तास बसवून ठेवले. याला 'डिजिटल अटक' असे नाव पडले आहे. प्रत्यक्षात अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. खरे पोलीस त्याच्या घरी पोहोचले तेव्हा त्याची सुटका झाली. शिकलेला, व्यवहार जाणणारा माणूस पडद्यावरील खोट्या ठाण्यात कैद होतो, कारण तो एकटा पडलेला असतो. दुसऱ्या कोणाशी बोलू नकोस, ही भामट्यांची पहिली अट असते. ज्या संवादात तिसऱ्याला विचारण्यास मनाई आहे, तो फसवणुकीचा आहे असे खुशाल समजावे.

शाळा आणि पडदा

आता शिक्षणाकडे वळू. पडद्यावरून शिक्षण ही कल्पना आपल्या देशास नवी नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा प्रयोग झाला. त्यात त्या वेळच्या मध्यप्रदेशातील, व आज छत्तीसगड राज्यात असलेल्या, रायपूरकडील गावेही होती. गावात संच एकच असे आणि सारे गाव त्याच्यासमोर बसे. कार्यक्रम संपल्यावर त्याविषयी बोलणे आपोआप होई. आज पडदा प्रत्येकाच्या हाती आहे. शेजारी बसलेला माणूस काय पाहतो, हे मात्र आपणास ठाऊक नसते.

२०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या. तेव्हा मध्यप्रदेशात पालक व शिक्षक यांचे व्हॉट्सॲप गट करून अभ्यास पाठविण्यात आला, आकाशवाणीवरून 'रेडिओ स्कूल' चालविण्यात आले आणि जुलैपासून 'हमारा घर, हमारा विद्यालय' ही योजना सुरू झाली. शिक्षकांनी मनापासून खटपट केली, हे नमूद केले पाहिजे. परंतु 'असर' या पाहणीनुसार शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्याच घरी २०२० साली स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. वाढ मोठी खरी, पण दहांपैकी जवळजवळ चार घरांत फोनच नव्हता. जेथे होता, तेथेही तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जाई.

आज हे चित्र पालटले आहे. २०२४ च्या 'असर' पाहणीत १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असे आढळले. मागील आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरल्याचे सुमारे ५७ टक्के मुलांनी सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सुमारे ७६ टक्के मुलांनी सांगितले. म्हणजे साधन पोहोचविण्याचा प्रश्न पुष्कळसा सुटत आला आहे. त्याचा उपयोग शिकविण्याचा प्रश्न उभा राहिला आहे.

साधन चांगले वापरणारे शिक्षकही आपल्यात आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि लहान खेड्यातील मुलांना पडद्यावरून दूरदूरच्या देशांची सफर घडविली. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. या ठिकाणी यंत्राइतकाच यंत्रामागे उभा असलेला शिक्षक महत्त्वाचा होता, हे विसरता कामा नये.

आणखी एक उदाहरण मध्यप्रदेशातीलच आहे. होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरममध्ये, १९७२ साली सोळा शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या भोपाळच्या 'एकलव्य' संस्थेने तो सांभाळला. २००२ मध्ये तो बंद झाला. त्या कार्यक्रमात मुले स्वतः प्रयोग करीत, निरीक्षणे लिहीत आणि त्यांवर वर्गात चर्चा करीत. मनात आलेले प्रश्न त्यांनी 'सवालीराम' या काल्पनिक व्यक्तीला पत्राने विचारावेत, अशीही सोय होती व त्या पत्रांना उत्तरे दिली जात.

सवालीरामचे पत्र यावयास दिवस लागत. आज उत्तर क्षणात मिळते. मग अधिक शिक्षण कोणत्या पद्धतीत आहे? त्या मुलाला प्रश्न आधी आपल्या शब्दांत मांडावा लागे. उत्तर येईपर्यंत तो स्वतः विचार करी, सोबत्यांना विचारी. आजचे मूल प्रश्न पुरता मनात रुजण्यापूर्वीच उत्तर पाहते. पडद्यावर बी रुजताना पाहणे निराळे आणि वाटीत ओल्या फडक्यावर मटकी ठेवून रोज सकाळी तिच्याकडे पाहणे निराळे. पहिल्यात बी नेमके रुजते. दुसऱ्यात कधी बुरशी येते, आणि ती का आली या प्रश्नापासून विज्ञानाला प्रारंभ होतो.

गावाने करावयाचे

यास्तव मोबाइल बंद करा, असा उपदेश मी करणार नाही. तो कोणी ऐकणारही नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक मार्ग काढला. रोज संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो. त्यानंतर दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बाजूस ठेवावयाचे, मुलांनी अभ्यास करावयाचा व मोठ्यांनी त्यांच्याजवळ बसावयाचे, असे ठरले. नियम मुलांपुरता न ठेवता मोठ्यांनी तो स्वतःवरही घातला, यातच त्याचे बळ आहे. भोपाळचा एक भोंगा वेळेवर न वाजल्याने अनर्थ झाला. वडगावचा भोंगा रोज वेळेवर वाजतो आणि घरातील माणसांना एकमेकांजवळ आणतो.

आपल्यासाठी मी चार सूचना करतो.

पहिली, शाळेच्या व्हॉट्सॲप गटात आलेल्या प्रत्येक प्रश्नास शिक्षकांनी वर्गात उत्तर द्यावे. गट हा सूचनाफलक होऊ देऊ नये. ज्यांच्या घरी फोन नाही, त्या मुलांना तीच सूचना तोंडी सांगण्याची जबाबदारी एका विद्यार्थ्याकडे सोपवावी.

दुसरी, वरच्या वर्गांत आठवड्यातून एक तास पडताळ्याचा असावा. मुलांनी घरी आलेला एखादा संदेश आणावा आणि हे कोणी म्हटले, केव्हा म्हटले, त्यास आधार काय, हे तीन प्रश्न त्यास विचारावेत.

तिसरी, संकटकाळी गावास अधिकृत खबर कोण देणार, हे ग्रामसभेने आधीच नावानिशी ठरवावे. पोलीस पाटील वा कोटवार, सरपंच, मुख्याध्यापक व आरोग्यसेविका यांचे क्रमांक चावडीवर लिहिलेले असावेत. सायबर फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे, हेही तेथेच लिहावे.

चौथी सूचना अधिकारी वर्गास आहे. विश्वास संकटाच्या दिवशी निर्माण करता येत नाही. रोजच्या लहान गोष्टींत जी कचेरी खरे व स्पष्ट उत्तर देते, तिचाच शब्द आणीबाणीच्या वेळी लोक मानतात. १६ डिसेंबर १९८४ रोजी भोपाळ सोडून जाणाऱ्या माणसांनी आपणास हाच धडा दिला आहे.

ग्रामस्थ हो, आज घरी गेल्यावर आपल्या मोबाइलवर पाच-पन्नास संदेश वाट पाहत असतील. त्यांतील एखादा पुढे पाठविण्यापूर्वी स्वतःस विचारावे की या मजकुराखाली मी माझी सही करीन काय? करीन असे मन म्हणत असेल, तरच तो पाठवावा. दस्तगीर यांनी त्या रात्री पाठविलेल्या निरोपामागे त्यांची सही होती, असेच म्हटले पाहिजे.

आता माझे बोलणे थांबवितो. आपले प्रश्न ऐकल्याखेरीज हे भाषण म्हणजेही एक निरोपच ठरेल. यास्तव उरलेला वेळ आपला आहे.