तुंबलेला पाट आणि लेकराचे मूत्रपिंड



वर्धापनदिनाच्या आनंदात आजाराचा विषय काढते, त्याबद्दल क्षमा करावी. पण ह्या आजाराकडे दुर्लक्ष झाले तर लेकराचे मूत्रपिंड कायमचे निकामी होऊ शकते, म्हणून बोलणे भाग आहे.

आपण पांझरेकाठच्या बायका. पाटाचे तोंड तुंबले की पाणी मागे फुगते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मुलाच्या पोटातही तसेच घडते. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणारी एक नळी असते. तिचे तोंड जन्मतःच अरुंद असले, किंवा एखादी रक्तवाहिनी तिच्यावरून आडवी गेली, तर लघवी मागे साचते व मूत्रपिंड फुगते.

हल्ली ही सूज बाळ पोटात असतानाच सोनोग्राफीत दिसते. तेवढ्याने घाबरू नये. पुष्कळ बाळांची सूज जन्मानंतर आपोआप उतरते. मात्र सांगितलेली तपासणी चुकवू नये. मोठ्या मुलाच्या कुशीत कळ येते, उलट्या होतात, लघवीच्या संसर्गाने ताप येतो. आपण दृष्ट काढतो, जंताचे औषध देतो. दोन दिवसांत कळ थांबते आणि आपण विसरतो. पण भगिनींनो, कळ थांबली म्हणजे अडथळा गेला असे नव्हे!

कोणते मूत्रपिंड किती काम करते आणि लघवी किती वेळात खाली उतरते, हे विशेष स्कॅनने कळते. काम घटत असेल, सूज वाढत असेल किंवा त्रास वारंवार होत असेल, तर शस्त्रक्रिया करतात. १९४९ साली इंग्लंडातील अँडरसन व हाइन्स ह्यांनी मांडलेली पद्धत आजही प्रमाण मानतात. अरुंद भाग कापून काढायचा आणि नळीचे निरोगी तोंड रुंद करून पुन्हा मूत्रपिंडाला जोडायचे. हे काम कुशीवर छेद घेऊन होते, दुर्बिणीने होते, मोठ्या शहरांत यंत्रमानवाच्या साहाय्यानेही होते. तान्ह्या बाळाला पुष्कळदा लहानसा छेदच सोयीचा पडतो. १०० पैकी ९० हून अधिक मुलांना गुण येतो.

एक गोष्ट मात्र पदराला गाठ मारून ठेवा. जोड भरून येईपर्यंत आत बारीक नळी ठेवतात. ती काही आठवड्यांनी काढावीच लागते. मूल खेळू लागले, कांदालागवड आली, म्हणून ती तारीख टाळू नका. विसरलेल्या नळीवर खडे धरतात आणि नवे दुखणे उभे राहते.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत व शाळेत येऊन मुलांना तपासतात. त्यांना मुलाची कळ, ताप, उलट्या सर्व सांगा. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. तेथे दाखवून पुढची वाट विचारा. एकटी सून जायला कचरत असेल, तर आपल्या मंडळातील एकीने तिच्याबरोबर एस.टी.त बसावे. एवढे झाले तरी आजचा वर्धापनदिन सार्थकी लागला असे मी समजेन.