जॉब कार्डावरचा ‘आवाज’

सकाळी भूमकर चौकातून वाट काढत हिंजवडीपर्यंत पोचलेल्या गॅरेजवाल्या मित्रांनो, तुम्ही मला अध्यक्षपद दिलंत. रिवाजाप्रमाणे वर्षाचा आढावा घ्यायचा असतो. वीस टक्के इथेनॉलचं ई-२० पेट्रोल पंपापंपावर आलं, विजेच्या गाड्यांनी ऑइल बदलण्याचं काम कमी केलं, पोरं टिकत नाहीत. झाला आढावा. आता ज्यासाठी उभा आहे ते बोलतो. माझं भांडण आपल्या जॉब कार्डाशी आहे. गिऱ्हाईक काउंटरवर सांगतं, ‘ताम्हिणीचा चढ चौथ्या गिअरला घेतला की किणकिण येते, पाय सोडला की बंद.’ या एका वाक्यात निम्मं निदान झालेलं असतं. आपण कार्डावर लिहितो, ‘इंजिन नॉईज, चेक.’ गाडी आत जाईस्तोवर घाट, गिअर, पाय, किणकिण सगळं पुसलं जातं. मेकॅनिक जागेवर उभ्या गाडीला रेस देतो, काहीच वाजत नाही, आणि अंदाजानं प्लग-कॉइल बदलून बिल फाटतं.

‘नॉकिंग’ या एका शब्दाखाली आपण चार वेगळे आजार कोंबले आहेत. खरं नॉकिंग जळणाचं. ठिणगीतून निघालेली ज्योत पोचायच्या आतच सिलिंडरच्या कडेचं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप पेटतं, दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात आणि साधारण ६ ते ७ किलोहर्ट्‌झचा बारीक, धातूचा नाद उठतो. तो लोड आला की येतो आणि पाय उचलला की जातो. कारणं शोधायची ती कार्बन, चुकीचा प्लग, पातळ मिश्रण, तापलेलं इंजिन, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह यांत. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका वेगळाच, जड आणि बोदा. इंजिन तापलं, ऑइल पातळ झालं की तो वाढतो, आणि त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं कनेक्शन काढलं की मंदावतो, कारण रॉडवरचा दाब जातो. पिस्टन भिंतीवर आपटत असेल तर सकाळी थंड इंजिनला वाजतो आणि गरम झाल्यावर गप्प बसतो. टॅपेटची टिकटिक क्रँकच्या निम्म्या गतीनं चालते. आयडलिंगला ८०० फेरे असतील तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा वाजणार, रॉडचा ठोका ८००. शिम बदलून जे थांबलं असतं त्यासाठी इंजिन उतरवायचं, नाहीतर बेअरिंग गेलेल्या गाडीत महागडं पेट्रोल भरून तिला परत रस्त्यावर सोडायचं, हे दोन्ही घोटाळे त्या एका शब्दानं होतात.

म्हणून गिऱ्हाइकाचा शब्दच कार्डावर लिहावा म्हटलं की काही मंडळी म्हणतात, किणकिण आणि ठकठक हे ज्याच्या त्याच्या कानाचे खेळ, त्यांवर शास्त्र उभं राहत नाही. मला हे पटत नाही. मराठीत ‘इ’ स्वर बारीक नादाला लागतो, म्हणून किणकिण, टिकटिक. ‘अ’ बोद्या, जड आवाजाला, म्हणून ठकठक, धडधड. उंच नाद आणि खालचा नाद यांतला हा फरक आपली भाषा मायक्रोफोन येण्याआधीपासून करते आहे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात असले अनुकरणवाचक शब्द पानोपानी भेटतात. (तो कोश चाळणारे मेकॅनिक फार नसतील, हे मान्य.) दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आता स्कॅनर आहे, ब्लॉकवर नॉक सेन्सर आहे, आणि गाड्यांचं सॉफ्टवेअर तर इथंच, केपीआयटीसारख्या कंपन्यांत लिहिलं जातं; मग कानाचं कौतुक कशाला? सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण पी ०३२५ हा कोड इंजिन वाजतंय असं सांगत नाही, तो सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे एवढंच सांगतो. म्हणजे यंत्राचा कान गेलाय. सेन्सर शाबूत असेल तर इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठिणगी मागे ओढतो, आवाज दबतो आणि गिऱ्हाईक ‘गाडी ओढत नाही’ म्हणून येतं. जवळचा ब्रॅकेट सैल असला तरी सेन्सर त्या खडखडीला नॉकिंग समजू शकतो. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत तर कमी फेऱ्यांवर जोर दिला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि एखाददुसरा दणका बसतो. तिथं ठिणगी मागे घेऊन उपयोग नाही. इंजिन ऑइलच्या २०२० च्या एपीआय एसपी दर्जात या दुखण्याची चाचणी आहे. त्यामुळे ‘एकदाच खाडकन वाजलं’ हे गिऱ्हाइकाचं वाक्य कार्डावर असेल, तर कोणतं ऑइल भरलंय हे आधी विचारलं जाईल.

ई-२० मुळे नॉकिंग वाढतं का, यावर काल रात्री जेवणाच्या टेबलावर वाद झाला म्हणे. बीएस-२ च्या पेट्रोलचा ऑक्टेन ८८, बीएस-६ चा ९१, ई-२० चा ९५. ऑक्टेन चढला की किणकिण घटायला हवी. ॲव्हरेज पडतं, जुने रबरी पाइप खराब होतात, कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होतं, या खऱ्या तक्रारी आहेत. पण त्याही वेगवेगळ्या लिहाव्या लागतील. ‘ई-२० प्रॉब्लेम’ असं कार्डावर लिहिलं की पुन्हा तेच.

राहता राहिलं, आपली निम्मी पोरं बाहेरच्या राज्यांतली आहेत, मराठी शब्द त्यांना कसे कळणार, हे. त्यांच्या भाषांतही असे शब्द आहेत, त्यांना ते लिहू द्या. कार्यकारिणीनं आवाजांची एक शब्दसूची करावी, जमलं तर रेकॉर्डिंगसह. कुणी करायची, पैसे कुठून, ते बसून ठरवू. कार्ड मात्र सोमवारपासून बदलता येईल. इंजिन थंड की गरम, कुठला गिअर, पाय दाबलेला की सोडलेला, असे तीन छोटे रकाने घ्या. चौथा रकाना गिऱ्हाइकाच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा उतरवायला. तो जरा मोठा ठेवा, हात काळे असले की अक्षर मोठं येतं.