वर्षावासाचे व्रत आणि आपले घर

(वडगाव मावळ येथील भाषण)

उपासक-उपासिकांनो,

वडगावहून लोणावळ्याच्या वाटेवर बेडसे, भाजे व कार्ले येथील लेणी आहेत. त्यांतील दगडी खोल्या भिक्षूंच्या निवासासाठी कोरल्या गेल्या. पावसाळ्यात हिंडताना कोवळे गवत व लहान जीव चिरडू नयेत म्हणून भगवंतांनी संघाला तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला, तोच वर्षावास. कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेख सांगतो की, नहपानाचा जावई ऋषभदत्त याने तेथे वर्षावास करणाऱ्यांच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दान दिले. साधनेला निवांतपणा लाभावा म्हणून एक अख्खे गाव!

आपण गृहस्थ. कामधंदा सोडून लेण्यात बसा, असे धम्म आपणांस सांगत नाही. आपल्यासाठी पौर्णिमा, अमावास्या व अष्टमी हे उपोसथाचे दिवस आहेत. त्या दिवशीच्या अष्टशीलांत माध्यान्हीनंतर न जेवण्याचे जसे शील आहे, तसेच नाचगाणी व खेळतमाशे यांपासून दूर राहण्याचेही आहे. हा नवसाचा उपवास नव्हे. देह सुकविल्याने ज्ञान मिळत नाही, हे तथागतांनी उग्र तपश्चर्येचा अनुभव घेऊनच सांगितले. पोट हलके ठेवावयाचे ते मन जागे राहावे म्हणून.

आज तमाशासाठी जत्रेला जावे लागत नाही. तो मोबाईलमधून घरात येतो. आषाढी अमावास्या हा उपोसथाचा दिवस. त्याच दिवशी गटारीच्या नावाने दारू वाहते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तिचा विसर ज्या घराला पडतो, तेथे मुलांच्या वह्यापुस्तकांचे पैसे प्रथम संपतात.

म्हणून एक व्रत घ्या. प्रत्येक उपोसथाला दोन तास मोबाईल व दूरचित्रवाणी बंद ठेवा. रात्रपाळी असेल त्यांनी सकाळची वेळ धरावी. मुलीने ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मोठ्याने वाचावा, आजीने प्रश्न विचारावेत, उत्तर न सुचल्यास विहारात जाऊन चर्चा करावी.

ज्याचा वेळ दुसऱ्याच्या हाती, त्याचे मन स्वतःच्या ताब्यात कसे राहील? आणि ज्याचे मन ताब्यात नाही, तो आपल्या हक्कांसाठी किती काळ उभा राहील? ऋषभदत्ताने गाव दिले. तुम्ही आपल्या मुलांसाठी दोन तास द्या.

जय भीम!