पेटीवरचं नाव

मी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, राहतो झाशीला. शेवटचं पोस्टिंग जवळच बबिन्याला होतं आणि हिची शाळेतली नोकरी झाशीत, म्हणून इथंच राहिलो. झाशीचा मराठी माणूस म्हटला की राणीसाहेबांवर बोला म्हणतात. आज मला दुसऱ्याच कुणाबद्दल बोलायचंय.

विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. पेणजवळच्या वरसईचा हा तरुण भिक्षुक. घरात कर्ज. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल अशी बातमी आली, म्हणून १८५७ साली चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाला आणि नेमका बंडात सापडला. पुढच्या वर्षी सर ह्यू रोजनं झाशीला वेढा घातला, तेव्हा तो शहरातच होता.

मी ते पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॅप्टन होतो. तोफा कुठं होत्या, पाण्याची सोय काय होती, एवढंच पाहिलं. समासात पेन्सिलीनं खुणा केल्या. त्या अजून आहेत.

दुसऱ्यांदा वाचलं ते दोन्ही मुलं घरातून गेल्यावर. या वेळी मी वरसईतच अडकलो. वडील मुलाला एवढ्या लांब सोडायला सहज तयार नव्हते, तिथंच थांबलो. मुलगा वाटेत लुटला जातो, वेढ्यातून वाचतो आणि शेवटी काशीची गंगा कावडीत घालून, खांद्यावर वाहून कोकणात आणतो. आईवडिलांना त्या पाण्यानं स्नान घालतो. मधल्या काळात त्या घरात काय चाललं असेल, हे मी पानापानांत शोधत बसलो. पहिल्या वाचनात हे मला दिसलंसुद्धा नव्हतं.

आमची थोरली अठराव्या वर्षी पुण्याला शिकायला गेली. फौजी घरात सामान भरायला काळ्या लोखंडी पेट्या असतात, वर पांढऱ्या रंगात नाव आणि हुद्दा. त्यातली एक मी तिच्यासाठी काढली, माझं नाव खरवडलं आणि तिचं घातलं. अक्षरं मीच रंगवली, बरी आली होती. झाशी स्टेशनवर झेलम एक्सप्रेस आली. पेटी बर्थखाली सरकवली, साखळी लावली, किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "पोहोचल्यावर रिपोर्ट कर." ती हसली. म्हणाली, "येस सर." गाडी सुटल्यावर हिला रडू आवरेना. मी पार्किंगची पावती शोधत होतो.

मोरोपंत तांबे लेकीचं लग्न झाल्यावर तिच्या पाठोपाठ झाशीत येऊन राहिले. मला साधं डब्यात पाच मिनिटं बसणं जमलं नाही.

धाकटाही दोन वर्षांनी गेला. आता थोरली कॅनडात, तो बंगळूरला. रविवारी फोन येतो. आईशी पाऊण तास. मग मला, "बाबा, बीपीची गोळी घेतली?" घेतली. "बरं, आईला द्या." मला याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू?

मागच्या दिवाळीत माळ्यावरून एक छोटी सायकल खाली काढली. मी म्हटलं, "थोरली हीच सायकल शिकली ना, बबिन्याला?" ही म्हणाली, "अहो, बबिन्याला कुठली? पुण्याच्या क्वार्टर्समध्ये. तुम्ही तेव्हा सिक्कीमला होतात." मग मी विचारत गेलो. पहिला दात? तेव्हा मी जम्मूला. धाकट्याला कांजिण्या झाल्या तेव्हा? कोर्सला. नोकरीच तशी होती, तक्रार नाही. पण मुलं गेल्यावर आठवणींवर जगतात म्हणतात, आणि आमच्या घरातल्या बहुतेक आठवणी हिच्याकडं होत्या. माझ्याकडं पोस्टिंगांची यादी.

त्या रविवारी फोन माझ्याकडं आला तेव्हा गोळीचं बोलणं व्हायच्या आतच मी विचारलं, "तू सायकल कशी शिकलीस, ते सांग." ती क्षणभर गप्प झाली. मग वीस मिनिटं बोलली. शेजारच्या सुभेदारसाहेबांनी सीट धरली होती, गुडघा फुटला होता, आणि ते मला पत्रात कळवायचं नाही असं मायलेकींचं ठरलं होतं. आता दर रविवारी मी एक गोष्ट विचारतो. धाकटा आळशी आहे, तो व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतो.

परवा थोरलीनं उलट विचारलं. "तुम्ही ट्रेनिंगला निघालात तेव्हा आजोबा काय म्हणाले होते?"

मला आठवेना. एसटी स्टँडवर ते आले होते, पेटी टपावर त्यांनीच चढवली. मी खिडकीतून पुढं बघत होतो.

तिला तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, "बरं, पेटी कुठली होती? त्यावर नाव कुणी घातलं होतं?"