चर्चा व्हावी, चहा बंद होऊ नये
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी म्हणाले, "काका, पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा." आठवणी पुष्कळ आहेत. पण मी एकच सांगणार आहे, आणि ती माझ्या चुकीची आहे.

त्याआधी आपल्या किल्ल्याविषयी थोडं. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेल्या काँग्रेसच्या पुढाऱ्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवलं. पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव असे बाराजण. भाषा वेगळ्या, धर्म वेगळे आणि विचारही वेगळे. नरेंद्र देव समाजवादी, तर सरदारांचा पिंड अगदी निराळा. नेहरूंनी 'भारताचा शोध' हा ग्रंथ तिथंच १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या काळात लिहिला. सोबत्यांशी झालेल्या चर्चांमुळे आपले विचार स्पष्ट झाले, असं त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणानं सांगितलं आणि ग्रंथही या सोबत्यांनाच अर्पण केला. मला वाटतं, याचं एक कारण साधं असावं. तिथं 'ग्रुप सोडला' म्हणायची सोयच नव्हती! सकाळी वाद झाला तरी संध्याकाळी तोच माणूस समोर.

आपलंही तसंच आहे. व्हॉट्सॲपचा ग्रुप सोडता येतो, जिना सोडता येत नाही.

आता माझी चूक. तीन वर्षांपूर्वी लिफ्टच्या मोठ्या दुरुस्तीचा खर्च निघाला. तळमजल्यावरच्या एका सभासदांनी ग्रुपवर विचारलं, "आम्ही लिफ्ट वापरत नाही, तरी वर्गणी सारखीच का?" मी बँकेतला माणूस. लगेच आदर्श उपविधी काढले. लिफ्टच्या देखभालीचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सभासदांनी समान भरायचा, वापर असो वा नसो. नियम टाकला आणि खाली एक ओळ जोडली, "सोसायटीत राहायचं तर आधी नियम वाचायला शिका." पाच मिनिटांत पंधरा अंगठे आले. मी खूश!

दुसऱ्या दिवसापासून ते गृहस्थ संध्याकाळी बाकावर यायचे बंद झाले. समोर आले की मान खाली. वीस-बावीस वर्षांचा शेजार एका ओळीत गेला.

चार महिन्यांनी आमच्या सौ. म्हणाल्या, "त्यांचा मेसेज पुन्हा एकदा वाचा बरं." वाचला. खाली आणखी एक ओळ होती, "तीन कोटेशनं मागवली होती का?" ती मी वाचलीच नव्हती. उभ्या नोकरीत कर्जाचा अर्ज शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय सही केली नाही, आणि शेजाऱ्याच्या दोन ओळी मला जड झाल्या.

त्यांच्या दारात गेलो. वहिनींनी चहा ठेवला. ते एवढंच म्हणाले, "नियम मला मान्य आहे हो. पण तुम्ही सगळ्यांसमोर शिकवलंत."

बँकेत चुकीची नोंद खोडायची नसते, उलटी नोंद करून दुरुस्त करायची असते. म्हणून त्याच ग्रुपवर, त्याच सगळ्यांसमोर मी चूक कबूल केली. पुढच्या वर्षीच्या करारासाठी आम्ही दोघांनीच फिरून तीन कोटेशनं आणली. आज ते इथं समोर बसलेत, त्यांच्या परवानगीनंच हे सांगतोय.

तेव्हापासून काही पथ्यं पाळतो. राग आला तर उत्तर रात्री लिहीत नाही, सकाळी फिरून आल्यावर लिहितो. आधी विचारतो, "तुमचं म्हणणं असं आहे ना?" निम्मी भांडणं तिथंच मिटतात. पैशाचा आणि पार्किंगचा विषय ग्रुपवर फक्त मांडावा, निर्णय सभेत समोरासमोर बसून घ्यावा, आणि ज्याचं मत वेगळं आहे त्याचंही म्हणणं इतिवृत्तात लिहावं.

शेवटी, त्या पंधरा अंगठेवाल्यांना एक विनंती. त्या दिवशी तुमच्यापैकी एकानं जरी विचारलं असतं, "काका, त्यांची दुसरी ओळ वाचलीत का?" तर चार महिने वाचले असते. पुढच्या वेळी जरूर विचारा. मला राग येईल, पण उपकार होतील.