उचलीचे बंधन

हिवाळ्यात धाराशिव जिल्ह्यातून प्रवास करणाऱ्यास उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा दिसल्यावाचून राहत नाहीत. तो ऊस कोणी तोडला, त्याच्या मोळ्या कोणी बांधल्या आणि अरुंद फळीवरून डोक्यावर वाहून त्या ट्रॉलीत कोणी रचल्या, हा विचार मात्र आपल्या मनात क्वचितच येतो. आज या माणसांविषयी, आणि विशेषतः ज्या करारात ती गुंतली जातात त्या कराराविषयी, चार शब्द बोलावयाचे आहेत.

गुलामगिरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बेड्या आणि माणसांचा बाजार उभा राहतो. आपल्या भागातील बंधन तसे नाही. ते लोखंडाचे नसून मुकादमाच्या वहीतील एका आकड्याचे असते. त्या आकड्यास ‘उचल’ असे नाव आहे.

या उचलीचा प्रवास असा. गाळपाच्या हंगामापूर्वी कारखाना वाहनमालकाशी तोडणी व वाहतुकीचा करार करतो आणि त्यास काही रक्कम आगाऊ देतो. वाहनमालक ती मुकादमाच्या हवाली करतो, व मुकादम ती गावोगाव वाटून टोळी जमवितो. भूम, वाशी, कळंब, परंडा या तालुक्यांतील कोरडवाहू गावांतून अशा टोळ्या दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जातात, कोणी कर्नाटकात. टोळीचे मोजमाप माणसांनी नव्हे, तर कोयत्यांनी होते. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. राबतात दोघे, पण उचल आणि हिशेब बहुधा नवऱ्याच्या नावे. बायकोचे नाव करारात बहुधा येत नाही.

ही रक्कम पुष्कळदा लाखाच्या घरात जाते. ती मौजेसाठी घेतलेली नसते. मुलीचे लग्न, घरातील आजारपण, पावसाने दगा दिलेले वर्ष, ही तिची कारणे. पुढे टनामागे ठरलेल्या दराने ती फेडावयाची असते. परंतु एखादा दिवस ज्वराने पडून राहिल्यास ‘खाडा’ म्हणून दंड चढतो. वाहन मध्यरात्री आले तर मध्यरात्री उठून भरावे लागते. मधल्या गरजेस घेतलेला पैसाही त्याच वहीत जमा होतो. हंगाम संपतो, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘पट्टा पडतो’, तेव्हा कित्येकांच्या अंगावर बाकी उरलेलीच असते, आणि पुढील वर्षाचे श्रम त्या बाकीपोटी आजच गहाण पडतात.

येथे कोणी विचारील, की उसनवारी तर जगात सर्वत्र चालते. मग प्रत्येक उचलीस दास्य म्हणावे काय? तसे मुळीच नव्हे. फरक ओळखण्यास तीन प्रश्न पुरेत. मजुरास हे काम सोडून दुसरीकडे जाता येते काय? त्याला आपला हिशेब पाहावयास मिळतो काय? आजारी पडल्यास दंडावाचून विश्रांती घेता येते काय? या तिहींचे उत्तर नकारार्थी आले, तर त्या व्यवहारास कोणतेही गोंडस नाव दिले तरी तो वेठीचाच प्रकार होय.

कायदाही याहून निराळे सांगत नाही. आपल्या राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने बिगार व सक्तीची मजुरी निषिद्ध ठरविली आहे. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशा पद्धतींची नावेच दिली आहेत. त्यांत ‘भगेला’ आणि ‘वेट्टी’ ही आहेत, आणि आपला जिल्हा 1948 पर्यंत ज्या निजामी राज्यात होता त्या राज्यात ती चांगलीच परिचित होती. या कायद्यान्वये वेठीचे कर्ज रद्द होते, आणि ते कर्ज वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर पडतो. 1982 साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले, की गरजेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावे लागणे हीदेखील सक्तीच होय. आणि काम ठेकेदारामार्फत करविले एवढ्यानेच सरकारी यंत्रणांची जबाबदारी सरत नाही.

माझ्या मते सर्व दुखण्याचे मूळ येथेच आहे. पैसा कारखान्याकडून वाहनमालकाकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून मजुराकडे पायरीपायरीने उतरतो; जबाबदारी मात्र प्रत्येक पायरीवर थोडी थोडी गळून जाते. कारखाना म्हणतो, मजूर आमचे नव्हेत. वाहनमालक म्हणतो, मी फक्त वाहतूक करतो. मुकादम म्हणतो, मी उचल वाटली, ती मला वसूल करणे भाग आहे. वाहनमालकाचे गाऱ्हाणेही खोटे नाही. मुकादम उचल घेऊन पसार झाला, की वाहनाचे हप्ते थकतात आणि मालक स्वतःच कर्जात बुडतो. पण हा तोटा अखेरीस धाकदपटशाने वसूल होतो तो सर्वांत खालच्या पायरीवरून.

तेव्हा उपायही पायरीपायरीने नव्हे, तर वरून खालपर्यंत एका धाग्याने केला पाहिजे. उचल द्यावयाचीच तर ती कारखान्याने थेट द्यावी, आणि नवराबायकोच्या निरनिराळ्या खात्यांवर द्यावी. प्रत्येक वाहनासोबतच्या टोळीची नावनिशी वाहतुकीच्या करारास जोडावी. प्रत्येक खेपेच्या वजनाची पावती टोळीस मिळावी. खाड्याचा दंड आणि रात्रीची भरणी करारानेच बंद करावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या दक्षता समितीने हंगामात खोप्यांपर्यंत जाऊन वह्या तपासाव्या.

ब्रिटनमध्ये 2015 च्या कायद्याने 3 कोटी 60 लाख पौंड वा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापारी संस्थांवर असे बंधन घातले, की आपल्या कारभारात आणि पुरवठ्याच्या साखळीत दास्य शिरू नये म्हणून काय केले, याचे निवेदन त्यांनी दरवर्षी प्रसिद्ध करावे. केवळ निवेदनाने माणूस मुक्त होत नाही, हे खरे. तथापि साखळीच्या शेवटच्या कडीविषयी पहिल्या कडीस जाब विचारता येतो, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

श्रोतेहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी सहकारी कारखान्याचे सभासदत्व आहे. साखर तर प्रत्येकाच्याच घरी आहे. वार्षिक सभेत उसाचा भाव किती, हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो आणि तो रास्तच आहे. त्याच सभेत आणखी एक प्रश्न विचारावयास हवा: आपला ऊस तोडून आणणाऱ्या स्त्रीपुरुषांची नावे आपल्या दप्तरी आहेत काय, आणि पट्टा पडला तेव्हा त्यांपैकी किती जण बाकीवाचून घरी परतले? या प्रश्नास उत्तर देणे ज्या दिवशी कारखान्यास भाग पडेल, त्या दिवसापासून मुकादमाच्या वहीची सत्ता ओसरू लागेल.